सीए आणि वकील यांच्याकडून काम नीट करून घेताना

"चांगला सीए गाठा आणि निर्धास्त राहा" हा सल्ला नव्या उद्योजकाला हमखास मिळतो. भोसरीत बावीस वर्षे सुट्या भागांचा लहान कारखाना चालवल्यानंतर मला तो घातक वाटतो, कारण विवरणपत्र सल्लागाराने भरले तरी कर, व्याज आणि दंड यांची जबाबदारी करदात्याचीच राहते.

सल्लागार निवडताना आपल्याएवढ्याच उलाढालीच्या दोन-तीन व्यावसायिकांकडे चौकशी करावी. फीमध्ये काय धरले आहे आणि काय नाही, हे पहिल्याच दिवशी ई-मेलवर लिहून घ्यावे. नोटिशीचे उत्तर वार्षिक फीमध्ये बहुधा धरलेले नसते. विक्रीची बिले ५ तारखेपर्यंत पोचवावीत, म्हणजे ११ तारखेच्या जीएसटीआर-१ साठी, म्हणजे विक्रीच्या मासिक विवरणपत्रासाठी, धावपळ होत नाही.

यानंतरची पायरी मात्र अनेकांची चुकते, आणि माझीही चुकली होती. जीएसटीची नोंदणी करताना सल्लागाराच्या कार्यालयाने सोयीसाठी पोर्टलवर त्यांचाच ई-मेल आणि तिथे नोकरीला असलेल्या एका मुलाचा मोबाइल क्रमांक टाकला. मीही हरकत घेतली नाही. पुढे तो मुलगा नोकरी सोडून गेला. २०१८-१९ च्या इनपुट क्रेडिटमधील (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीतील) तफावतीची नोटीस आली, उत्तर गेले नाही, आणि एप्रिल २०२४ मध्ये आमचे म्हणणे न ऐकताच आदेश निघाला. मला हे कळले ते ऑगस्टमध्ये, कामगारांचा पगार खात्यातून जाईना म्हणून बँकेत गेलो तेव्हा. अधिकाऱ्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. खात्यावर वसुलीची टाच आली होती. अपिलाचे तीन महिने उलटून गेले होते आणि विलंब माफ होऊ शकणाऱ्या पुढच्या एका महिन्यातले अकरा दिवस उरले होते. त्या अकरा दिवसांत वादातील कराचे १० टक्के भरून अपील दाखल केले. वाईट याचे वाटते, की पुरवठादाराने कर भरल्याचे त्याचे प्रमाणपत्र वेळेत जोडले असते तर प्रकरण नोटिशीच्या टप्प्यावरच मिटण्यासारखे होते.

"नोटीस मी पाहिलीच नाही" ही सबब अशा वेळी फारशी टिकत नाही, कारण नोंदवलेल्या ई-मेलवर पाठवलेली किंवा पोर्टलवर ठेवलेली नोटीसही कायद्याने बजावणीचा मार्ग मानली जाते. म्हणून पोर्टलवर नोंदणीच्या दुरुस्तीत जाऊन ई-मेल आणि मोबाइल आजच स्वतःचे करून घ्यावेत. हा बदल ओटीपीवर होतो, त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. ओटीपीसाठी दर वेळी फोन करावा लागेल, अशी सल्लागाराची तक्रार येईल. ती ऐकून घ्यावी, पण क्रमांक आपलाच ठेवावा. दर सोमवारी स्वतः लॉगिन करून नोटिसांचे सर्व रकाने उघडून पाहावेत, आणि नोटीस दिसताच ती उत्तराच्या अंतिम तारखेसह सल्लागाराला ई-मेलने पाठवावी. फोनवर सांगितलेले पुढे कोणालाच आठवत नाही. डिजिटल सहीचे टोकन (संगणकाला जोडून सही करण्याचे पेन ड्राइव्हसारखे साधन) सल्लागाराच्या खणात ठेवण्याची सर्रास पद्धत आहे. माझ्या मते ते सह्या केलेले कोरे चेकबुक देण्यासारखे आहे, म्हणून टोकन आपल्याच कपाटात असावे.

सल्ला विचारायचा तो निर्णयापूर्वी, आकड्यांसह आणि लेखी. सूक्ष्म व लघु उत्पादकांची देणी लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावी लागतात. मुदत ओलांडून ३१ मार्चनंतर दिलेल्या रकमेची प्राप्तिकरातील वजावट त्या वर्षी मिळत नाही. त्यामुळे पुरवठादारांची यादी, त्यांचे उद्यम क्रमांक (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून झालेल्या नोंदणीचे) आणि बिलांच्या तारखा मी फेब्रुवारीतच सीएसमोर ठेवतो. सप्टेंबरमध्ये लेखापरीक्षणाच्या वेळी हाच प्रश्न विचारला, तर वाढलेल्या कराचा आकडा ऐकण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

करारनाम्याचा मसुदा वकिलाने करावा, परंतु सहीपूर्वी त्यातील रकमेची आणि कराची कलमे सीएला दाखवावीत.

सल्लागार बदलायचा झाल्यास आधी थकीत फी चुकती करावी, जुने कागद पोच देऊन ताब्यात घ्यावेत आणि त्याच दिवशी सर्व पासवर्ड बदलावेत. नव्या लेखापरीक्षकाला काम स्वीकारण्यापूर्वी जुन्याला लेखी कळवावे लागते, आणि त्या पत्राला थकबाकीचे उत्तर आले की काम अडकून पडते.