इन्फोग्राफिक कसे तयार करावे : गोदावरीच्या पुराचे आणि कांद्याच्या भावाचे उदाहरण

पावसाळ्यात गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले की नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांवर तीन आकडे एकदम फिरू लागतात. पहिला गंगापूरमधून होणाऱ्या विसर्गाचा, दुसरा शहरातल्या होळकर पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचा आणि तिसरा नदीवर खालच्या बाजूला असलेल्या नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडी धरणाकडे सोडलेल्या पाण्याचा. तिन्ही आकडे क्युसेकमध्ये असतात आणि बहुधा एकाच संदेशात येतात, त्यामुळे नदीकाठच्या सराफ बाजारातल्या दुकानदाराला आपल्या कामाचा आकडा कोणता हे शेवटपर्यंत कळत नाही. हेच आकडे नदीच्या एका साध्या रेषेवर, धरणापासून खाली उतरत, आपापल्या जागी लिहिले तर वाटेत शहराच्या परिसरातले पाणी मिळून होळकर पुलाखालचा प्रवाह का वाढतो, आणि पुढे दारणा व कादवा या उपनद्यांचे पाणी आल्यावर नांदूरमध्यमेश्वरचा आकडा त्याहून मोठा का असू शकतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इन्फोग्राफिकचे, म्हणजे आकडे व माहिती चित्रातून सांगणाऱ्या मांडणीचे, खरे काम हेच आहे.

आकडे चित्रातून मांडण्याची पद्धत जुनी आहे. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्येच व्यापाराचे आकडे आलेखांच्या रूपात छापले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकृतीतून क्रिमियन युद्धात मरण पावलेल्या ब्रिटिश सैनिकांपैकी बहुसंख्य जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले हे दाखवून दिले होते. आज ही पद्धत घरोघरी पोहोचली ती मोबाइलमुळे. लांब मजकूर बाजूला ठेवणारा वाचकही चित्रावर क्षणभर थांबतो आणि पटले तर ते पुढे पाठवतो. मात्र पुढे जाते ते फक्त चित्र, सोबतची बातमी मागेच राहते. म्हणून पुढच्या सर्व सूचनांचा पाया एकच आहे : चित्र एकटे फिरणार आहे असे गृहीत धरून ते तयार करावे.

सुरुवात प्रश्नापासून

संगणक उघडण्याआधी कागदावर एक प्रश्न लिहावा आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते का ते पाहावे. ‘गंगापूर धरणाची माहिती’ हा प्रश्न नव्हे. ‘आज संध्याकाळी रामकुंडाच्या परिसरात पाणी वाढणार आहे का?’ हा प्रश्न आहे. त्याच्या उत्तराला ज्या आकड्यांची गरज आहे तेवढेच चित्रात घ्यावेत. धरणाचे बांधकाम, सिंचनाखालील क्षेत्र, गेल्या दहा वर्षांतला पाऊस ही माहिती कितीही चांगली असली तरी तिच्यासाठी दुसरे चित्र करावे. माझ्या मते बहुतेक इन्फोग्राफिक फसतात ते रंगामुळे किंवा टंकामुळे नव्हे, तर जमवलेली माहिती टाकून देणे जिवावर येते म्हणून.

उत्तराचे वाक्य हेच शीर्षक करावे. ‘विसर्गाची स्थिती’ असे लिहिण्यापेक्षा ‘दुपारी ३ नंतर विसर्ग वाढणार; नदीकाठची वाहने हलवा’ असे लिहिले, तर उरलेले चित्र न वाचणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो.

एकक वाचकाच्या ओळखीचे असावे

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजेच सुमारे २८.३ लिटर पाणी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. ही दोन्ही एकके बातम्यांत रोज येतात, पण त्यांचा परस्परसंबंध फारसा कोणी सांगत नाही. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग २४ तास चालू राहिला, तर एक टीएमसी पाणी निघून जाते. गंगापूर धरणाची साठवणक्षमता साडेपाच टीएमसीच्या थोडी वर आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वाचकाला विसर्गाचा अंदाज येतो, आणि चित्राच्या एका कोपऱ्यात हा हिशेब दोन ओळींत सहज मावतो.

नाशिकमध्ये तर पुराचे मोजमाप पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर उभे आहे. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागले, कमरेला लागले की छातीपर्यंत चढले, यावरून गावाला पुराची तीव्रता कळते. पूरपातळी दाखवताना मारुतीची बाह्यरेषा काढून त्यावर पाण्याची रेघ ओढावी आणि निरीक्षणाची वेळ लिहावी. मात्र ‘इतके क्युसेक म्हणजे कमरेपर्यंत पाणी’ असे समीकरण आपल्या मनाने मांडू नये. वाटेत मिळणाऱ्या पाण्यामुळे धरणातला तोच विसर्ग दोन वेगळ्या दिवशी वेगळी पातळी गाठू शकतो. जे प्रत्यक्ष दिसले तेवढेच दाखवावे.

आकृतीची निवड आणि मापाचा प्रामाणिकपणा

काळानुसार होणारा बदल रेषेने दाखवावा आणि वेगवेगळ्या गोष्टींची तुलना स्तंभांनी करावी. वर्तुळाच्या फोडी दोन-तीन भागांपुरत्या ठीक आहेत. त्याहून जास्त भाग असले तर डोळ्याला कोनांतला फरक नीट कळत नाही आणि तेथे आडवे स्तंभच बरे पडतात.

लासलगावच्या कांद्याचे उदाहरण घेऊ. समजा, एका आठवड्यात सरासरी भाव क्विंटलला १,८०० रुपये होता आणि पुढच्या आठवड्यात तो २,००० झाला. वाढ ११ टक्के आहे. पण स्तंभांची पट्टी शून्याऐवजी १,५०० पासून सुरू केली तर पहिला स्तंभ ३०० इतका आणि दुसरा ५०० इतका उंच दिसतो, म्हणजे पावणेदोन पटींच्या जवळपास. आकडे खरे असूनही चित्र खोटे बोलते. शेतकरी कांदा चाळीत ठेवायचा की बाजारात न्यायचा हे ठरवताना असे चित्र पाहत असेल, तर ही चूक किरकोळ राहत नाही. स्तंभ नेहमी शून्यापासूनच सुरू करावेत. रेषेच्या आलेखात पट्टी वरून सुरू करता येते, पण ती कोठून सुरू होते हे ठळक दिसले पाहिजे.

दुसरा सापळा चित्ररूप चिन्हांचा आहे. आवक दुप्पट झाली म्हणून कांद्याच्या गोणीचे चित्र दुप्पट उंच केले, तर ते दुप्पट रुंदही होते आणि त्याचे क्षेत्रफळ चौपट होते. एका गोणीऐवजी त्याच मापाच्या दोन गोण्या काढाव्यात. नाइटिंगेल यांनी आपल्या आकृतीत प्रत्येक पाकळीचे क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात ठेवले होते. ही शिस्त आजही तितकीच आवश्यक आहे.

भाव दाखवताना लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एका रेषेत मिसळू नयेत, आणि किमान, कमाल व सरासरी यांपैकी कोणता भाव घेतला आहे ते लिहावे. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय रोजचे भाव मिळतात, तेथूनच आकडे उचलावेत. फिरत आलेल्या संदेशातून घेऊ नयेत.

नकाशा करताना आणखी एक काळजी घ्यावी. समजा, नाशिक जिल्ह्याच्या १५ तालुक्यांना एखाद्या आजाराच्या रुग्णांच्या एकूण संख्येनुसार रंग दिला, तर नाशिक व मालेगाव गडद आणि पेठ व सुरगाणा फिके दिसण्याचीच शक्यता अधिक, कारण तो नकाशा प्रत्यक्षात लोकसंख्येचा होऊन बसतो. दर लाख लोकसंख्येमागचे प्रमाण काढून मगच रंग भरावा.

मराठी अक्षरे आणि मोबाइलचा पडदा

आलेखासाठी गुगल शीट्स किंवा डेटारॅपर आणि मांडणीसाठी कॅनव्हा किंवा इंकस्केप एवढी साधने पुरेशी आहेत. मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे तुटत असतील किंवा वेलांटी चुकीच्या जागी जात असेल, तर त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय सुरू करावा. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अंक देवनागरी किंवा इंग्रजी यांपैकी एकाच प्रकारचे ठेवावेत आणि आकडे लाख-कोटींतच लिहावेत; अनेक साधने आपणहून मिलियन लिहितात, ते बदलून घ्यावे.

रंग दोन-तीनच वापरावेत. लाल आणि हिरवा यांच्यातला फरक काही जणांना दिसत नाही, त्यामुळे ‘धोका’ आणि ‘सुरक्षित’ हे केवळ रंगाने न सांगता शब्दांतही लिहावे. पाण्यासाठी निळ्याच्या फिक्या-गडद छटा पुरतात आणि लाल रंग इशाऱ्यासाठी राखून ठेवता येतो.

१०८० बाय १३५० पिक्सेलची उभी चौकट मोबाइलवर सोयीची पडते. चित्र तयार झाले की ते स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून, न ताणता, उन्हात उभे राहून वाचावे. जे अक्षर वाचता येत नाही ते मोठे करावे किंवा काढून टाकावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवून ‘यातून काय समजले?’ एवढेच विचारावे. आपण शीर्षकात जे लिहिले तेच त्यांनी सांगितले, तर चित्र जमले.

प्रसिद्ध करण्यापूर्वी

आकड्यांचा स्रोत, तारीख आणि वेळ चित्राच्या आत, सहज कापली जाणार नाहीत अशा जागी लिहावीत. पुराच्या बाबतीत वेळ नसलेले चित्र धोकादायक असते, कारण गेल्या वर्षीचे चित्र या वर्षी पुन्हा फिरू लागते. संकेतस्थळावर टाकताना चित्रासोबत पर्यायी मजकूर द्यावा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकालाही ती माहिती मिळते. त्यात ‘विसर्गाचा आलेख’ असे न लिहिता आलेखातले मुख्य आकडे आणि निष्कर्ष लिहावेत.

आकडा बदलला किंवा चूक निघाली, तर जुने चित्र गुपचूप काढून टाकणे पुरेसे नाही, कारण तोपर्यंत ते पुढे गेलेले असते. नव्या चित्रावर ‘सुधारित’ हा शब्द आणि नवी वेळ मोठ्या अक्षरांत घालावी, कोणता आकडा बदलला ते एका ओळीत सांगावे आणि जुने चित्र जेथे जेथे पाठवले होते त्या प्रत्येक गटात हे नवे चित्र पाठवावे.