नागासाकीचा कासुतेरा घरी करताना या चुका टाळा

कासुतेरा, म्हणजे नागासाकीचा अंड्याचा जपानी केक, बिघडला म्हणून मला जे फोटो येतात, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं एकच असतं. वरचा तपकिरी थर सुटलेला, आत बोट जाईल एवढी भोकं आणि मधोमध खड्डा. सोबतचा प्रश्नही ठरलेला: "ताई, बेकिंग पावडर किती घालू?"

घालायचीच नाही. अंडी, साखर, मैदा आणि मिझुआमे, म्हणजे स्टार्चपासून केलेला घट्ट पारदर्शक पाक, एवढ्यावरच नागासाकीचा कासुतेरा उभा राहतो. लोणी नाही, तेल नाही, पावडर नाही. फुगवायचं सगळं काम अंड्यात कोंडलेली हवा करते. त्यामुळे फेटण्यापासून कापण्यापर्यंत आपण ज्या चुका करतो, त्या जवळजवळ सगळ्या या हवेच्या बाबतीतल्याच असतात. पावडर घातली की केक फुगतो खरा, पण तो साधा स्पंज होतो. कासुतेऱ्याची ती बारीक, दाट, दाबली की परत वर येणारी जाळी त्याला येत नाही.

"मूळ पोर्तुगीजच ना, मग व्हॅनिला आणि थोडं लोणी घातलं तर काय बिघडतं?" हेही फार ऐकते. पोर्तुगीज व्यापारी जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत जपानला यायची. 1571 मध्ये नागासाकीचं बंदर त्यांच्यासाठी खुलं झालं आणि 1639 मध्ये त्यांना जपानबंदी झाली. ते गेले, केक राहिला. फुकुसाया हे तिथलं दुकान 1624 पासून तो करतंय. जपानी घरात ओव्हन नव्हता, म्हणून तिथल्या कारागिरांनी वर आणि खाली कोळशाचे निखारे ठेवून भाजायची भट्टी वापरली. पाकाने ओलावा आणला, तळाशी जाड साखर आली. चारशे वर्षं ज्या हातांनी तो घडवला, त्यांची चव अंड्याची आणि भाजलेल्या साखरेची आहे. व्हॅनिला घातला की पहिल्यांदा अंड्याचा वासच मरतो.

अंड्याशिवाय होतो का? नाही. अंडी न खाणाऱ्यांसाठी दुसरं काही छान करा.

आता साखर. आपल्याकडे कुठलीही परदेशी कृती हातात आली की पहिल्यांदा साखर निम्मी होते. 18 सेंमीच्या चौकोनी साच्याला मी कवचाशिवाय 250 ग्रॅम अंडी, 180 ग्रॅम साखर, 130 ग्रॅम मैदा, 40 ग्रॅम मिझुआमे आणि दोन मोठे चमचे गरम पाणी घेते. 180 हा आकडा वाचून लोक दचकतात आणि 100 घालतात. मग अंडी फेसाळतात, पण फेस टिकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी घशात अडकणारा कोरडा पाव हाती येतो. साखर इथे केवळ गोडीसाठी नाही. ती अंड्यातल्या पाण्याला दाटपणा देते, त्यामुळे बुडबुडे फुटत नाहीत, आणि भाजल्यावर तीच ओलावा धरून ठेवते. देजिमावर, म्हणजे नागासाकी बंदरातल्या परदेशी व्यापाऱ्यांच्या बेटावर, उतरणारी साखर नागासाकी काइदो या रस्त्याने कोकुरा या गावापर्यंत जायची. या रस्त्याला आज 'शुगर रोड' म्हणतात आणि 2020 मध्ये त्याला 'जपान हेरिटेज'चा दर्जा मिळाला. पदार्थात गोड कमी पडलं तर त्या भागातली जुनी माणसं म्हणतात, "नागासाकी लांब आहे." ज्या गावाची ओळखच साखर, त्या गावचा पदार्थ साखर चोरून करू नये. कमी गोड खायचं असेल तर तुकडा लहान कापा.

मिझुआमे नसेल तर लिक्विड ग्लुकोज चालतो, मधही चालतो. मध असला तर रंग लवकर चढतो, लक्ष ठेवा.

मैदा ब्रेडचा, जास्त प्रथिनांचा घ्या. केकचा हलका मैदा घेतला तर जाळी स्वतःचं वजन पेलत नाही.

अंडी फ्रिजमधून काढून थेट फेटू नका. साखर घालून, गरम पाण्यावर भांडं धरून कोमट करा, मग फेटा. जोरात फेटणं सगळ्यांना जमतं. शेवटची दोन-तीन मिनिटं मिक्सर अगदी हळू चालवायचा असतो, ते कुणी करत नाही. मोठे बुडबुडे तिथेच मोडतात.

आणि आता माझा सगळ्यात मोठा राग: आवाकिरी टाळणं.

आवाकिरी म्हणजे मिश्रण ओव्हनमध्ये गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत साचा बाहेर ओढून ते हलक्या हाताने ढवळणं. नवशिक्यांना हे वेडेपणाचं वाटतं, कारण ओव्हनचं दार उघडलं की केक बसतो, असं सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. इथल्या आमच्या मराठी मंडळींत एक तरुण आहे. उत्तम ब्रेड करतो. गणपतीला त्याने कासुतेरा आणायचं कबूल केलं. लाकडी चौकट करून घेतली, चांगली अंडी आणली, फेटणंही छान झालं होतं. आवाकिरी मात्र त्याने सोडली. "जुन्या भट्टीत उष्णता सगळीकडे सारखी लागत नसेल, म्हणून करत असतील. माझा ओव्हन नवीन आहे," हे त्याचं म्हणणं. रात्री फोटो आला. वरचा थर पुरीसारखा टम्म फुगून सुटला होता, त्याखाली पोकळी, आणि तळाशी रबरासारखा चिकट पट्टा.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. तोच ओव्हन, तीच अंडी, तोच मैदा. 180 अंशाला साचा आत ठेवला, मिनिटभराने बाहेर ओढला, स्पॅच्युला निम्म्या खोलीपर्यंत घालून आडव्या-उभ्या रेघा ओढल्या, कोपरे सोडवले, वरून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला आणि परत आत. असं तीनदा, मध्ये एक-दोन मिनिटं जाऊ देऊन. फवाऱ्यासरशी पृष्ठभागावरचे बुडबुडे पटापट फुटताना त्याने पाहिले, आणि मग त्याला जास्त समजवावं लागलं नाही. कडेचं मिश्रण आधी तापतं, मधलं गार राहतं. तापलेल्या भागातली हवा वर चढून पृष्ठभागाखाली साठते आणि वरचा थर भाजला गेला की तिथेच अडकते. ढवळल्याने उष्णता सगळीकडे सारखी होते आणि मोठी हवा निघून जाते. ओव्हन कितीही नवीन असो, कड आधी तापणारच. त्या दिवशीचा कासुतेरा कापला तेव्हा वरपासून खालपर्यंत एकसारखी जाळी होती.

तिसऱ्या वेळेनंतर मात्र दार बंद ठेवा. वर गडद तपकिरी रंग येईपर्यंत दहा-बारा मिनिटं, मग 150 अंशावर 45 ते 50 मिनिटं. रंग पुढे पळत असेल तर वरून फॉइल झाका. ओव्हनमध्ये पंखा असेल तर बंद करा, त्याच्या वाऱ्याने वरचा थर सुकून सुरकुततो.

साचा शक्यतो लाकडी. धातूच्या साच्यात कडा करपून कडक होतात. लाकूड नसेल तर धातूच्या साच्याला बाहेरून वर्तमानपत्राचे जाड थर गुंडाळा आणि आत बेकिंगचा कागद लावा.

तळाशी करकरणारी साखर म्हणजे न विरघळलेली साखर, असं समजून बऱ्याच जणी पुढच्या वेळी ती काढून टाकतात. ती झारामे, मुद्दाम कागदावर भुरभुरवलेली जाड साखर. इकडे खडीसाखर भरड कुटून घेता येते. बारीक साखर घालू नका, ती विरघळून जाते. खाताना कागद हळूच सोलायचा, झटका दिला तर साखर कागदाबरोबर निघून येते.

भाजून झाल्यावरची घाई हा माझा दुसरा राग. लोक गरम कापतात, कारण घरभर वास सुटलेला असतो आणि फोटो टाकायचा असतो. गरम कासुतेरा सुरीला चिकटतो, दबतो आणि त्याला अंड्याचा उग्र वास येतो. मी ओव्हनमधून काढताच साचा दहा सेंटिमीटर उंचीवरून ओट्यावर एकदा आपटते, म्हणजे आतली वाफ निघते आणि केक आकसत नाही. मग प्लास्टिक फिल्मवर उलटा करून गरम असतानाच घट्ट गुंडाळते आणि रात्रभर तसाच ठेवते. वरचा थर सपाट होतो, वाफ आतच जिरते, साखर आणि अंडं एकमेकांत मुरतात. पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी चांगला, तिसऱ्या दिवशी त्याहून चांगला. ज्याला एक रात्र थांबवत नाही, त्याने या पदार्थाच्या वाटेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

गोसानयाकी या कासुतेऱ्याच्या प्रकाराने सुरुवात करू नका. त्यात पिवळा बलक पांढऱ्यापेक्षा जास्त असतो. बलक जास्त म्हणजे फेस कमी, तो सांभाळायला सरावलेला हात लागतो.

मोमो कासुतेऱ्यावर क्रीम लावू नका. पीच फळाच्या आकाराचा हा केक 3 मार्चच्या हिनामात्सुरीचा, मुलींच्या सणाचा आहे आणि त्यावर साखरेचा जाड लेप असतोच. गोडाचा एवढा थर पुरे.

 

कापताना लांब सुरी घ्या, प्रत्येक कापाआधी गरम ओल्या फडक्याने पुसा आणि चारही कडा आधी काढून टाका. त्या फेकू नका. नागासाकीत दुकानं या कापलेल्या कडा पिशवीत भरून स्वस्तात विकतात, आणि भाजलेल्या साखरेची सगळ्यात जास्त चव त्यांतच असते.