अर्धांगवायूचा पेशंट आणि सकाळची अंघोळ: निवासी केंद्रातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी

निवासी पुनर्वसन केंद्रात नवीन रुजू झालेला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण अशी रोजची कामं पेशंटला पुन्हा स्वतः करायला शिकवणारा, एक चूक हमखास करतो. साडेनवाला विभाग उघडतो आणि पेशंट खाली यायची वाट बघत बसतो. तोवर मावशींनी अंघोळ घातलेली असते, कपडे चढवलेले असतात, पोहे भरवून झालेले असतात. दिवसातली खरी थेरपी उरकलेली असते आणि तीत पेशंटचा हात लागलेला नसतो. मग उरतं काय, तर शंकू रचणं आणि खुंट्या लावणं. ओपीडीतल्या थेरपिस्टला पेशंटची खरी अंघोळ कधी बघायला मिळत नाही, तुम्हाला मिळते. म्हणून पेशंटची अंघोळ साडेसहाला असेल तर तुम्ही सव्वासहाला खोलीत हवं. (नातेवाइकांना ‘उद्या सकाळी ओटी आहे’ असं मात्र सांगू नका. ऑक्युपेशनल थेरपीऐवजी ऑपरेशन थिएटर समजून पेशंटला उपाशी ठेवतात.)

पुढचं सगळं डावी बाजू गेलेला, पण आधाराशिवाय बसू शकणारा पेशंट धरून लिहिलं आहे.

बार्थेल इंडेक्स, म्हणजे पेशंट रोजची कामं किती स्वतः करतो त्याला गुण देणारा फॉर्म, भरताना पेशंट काय करू शकतो ते लिहायचं नसतं, रोज काय करतो ते लिहायचं असतं. विभागात शर्ट घालून दाखवणारे काका खोलीत मावशींकडून घालून घेत असतील, तर कपड्यांचे १० गुण त्यांना देता येत नाहीत. सिस्टर आणि मावशी दोघींना विचारल्याशिवाय फॉर्म पूर्ण करू नका.

सकाळी पेशंटला थेट उभं करू नका. आडवं असताना बीपी घ्या, बसवल्यावर घ्या, उभं केल्यावर ३ मिनिटांच्या आत परत घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्या दिवशी अंघोळ पलंगावरच, आणि डॉक्टरांना कळवायचं.

व्हीलचेअर पलंगाला ३० ते ४५ अंशांत, पेशंटच्या चांगल्या, म्हणजे उजव्या बाजूला लावा. ब्रेक लावा, पावठे (पाय ठेवायच्या पट्ट्या) वर करा. पेशंटला कडेवर सरकवून पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायला लावा. नाक गुडघ्यांच्या पुढे जाईपर्यंत वाकवलं की बूड आपोआप हलकं होतं. बरेच जण पेशंटला सरळ वर ओढतात, म्हणून तो मागे पडतो. कमरेचा पट्टा धरा. काखेत हात घालून किंवा डावा हात ओढून उठवलं की सैल पडलेला खांदा निखळतो आणि पुढचे कित्येक महिने दुखतो. आणि परतताना पलंग डाव्या बाजूला येतो हे विसरू नका. जाताना नीट गेलेला पेशंट येताना घाबरतो, तो याच कारणाने. जागा असेल तर खुर्ची फिरवून घ्या.

आता अंघोळ. हात असलेली, पायांना रबरी बूच लावलेली प्लॅस्टिकची खुर्ची. बादली जमिनीवर ठेवलीत तर प्रत्येक तांब्यासाठी पेशंट खाली वाकेल आणि तोल जाईल. ती स्टुलावर, उजव्या बाजूला ठेवा. भरलेला मोठा मग एका हाताने पेलत नाही, अर्ध्या लिटरचा द्या. पाणी उजव्या हातानेच बघायचं, डाव्याला गरम कळत नसेल तर भाजेल. साबण हातातून निसटतो, म्हणून तो जाळीच्या पिशवीत घालून खुर्चीला बांधा.

सगळ्यात अडतं ते उजवा हात धुताना. डावा हात चालत नाही, मग चांगल्या हाताला साबण लावणार कोण? साबणाचा पंचा मांडीवर पसरायचा आणि उजवा हात त्यावर कोपरापासून बोटांपर्यंत घासायचा. पाठीसाठी लांब दांड्याचा ब्रश. कोरड्या पंच्याने पाठ पुसायची नाही, तो खांद्यांवर टाकून ठेवायचा आणि पाणी टिपू द्यायचं.

कपड्यांचा नियम सोपा आहे: घालताना कमजोर बाजू आधी, काढताना चांगली बाजू आधी. काढणं सोपं असतं, म्हणून सुरुवात रात्री कपडे बदलण्यापासून करा. सकाळी शर्ट शिकवताना पेशंट बसलेला आणि दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली हवीत. डावी बाही दोन गुडघ्यांच्या मधे लोंबती सोडा. काकांना पुढे वाकू द्या, म्हणजे डावा हात वजनाने आपोआप बाहीत उतरतो. मग उजव्या हाताने बाही वर ओढायची, आणि इथेच घोटाळा होतो. बाही कोपराच्या वर, खांद्यापर्यंत न चढवता पेशंट कॉलर मानेमागे नेतो, मग शर्ट पाठीवर अडकतो आणि उजवा हात शिरतच नाही. तेव्हा ‘बाही खांद्यावर आली का?’ एवढंच विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. गुंड्या खालून लावायच्या, म्हणजे वरखाली होत नाहीत.

बायकांसाठी ब्लाउजच्या हुकांच्या जागी वेल्क्रो, परकराच्या नाडीच्या जागी इलास्टिक. एका हाताने नाडीची गाठ शिकवण्यात पंधरवडा घालवू नका. साडी हवीच असेल तर निऱ्या शिवून कमरेला वेल्क्रो लावून घ्या.

डावी बाजू गेलेल्या काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. पानातल्या डाव्या बाजूची भाजी तशीच राहते, डाव्या गालावरची दाढी राहते आणि, धोक्याचं म्हणजे, खुर्चीचा डावा ब्रेक राहतो. डाव्या ब्रेकच्या दांड्याला पाइपचा तुकडा बसवून लांब करा, त्यावर लाल टेप गुंडाळा. ताटाच्या डाव्या कडेलाही लाल पट्टी लावा आणि ‘लाल दिसेपर्यंत मान वळवा’ असं सांगा. ताट फिरवून दिलंत तर जेवण संपेल, पण मान वळायची सवय लागणार नाही.

मावशींशी भांडू नका. त्यांच्याकडे दहा पेशंट आणि आठला नाश्त्याची गाडी. शर्ट घालायला काकांना २० मिनिटं लागतात, मावशींना दोन. म्हणून सगळं एकदम पेशंटवर सोपवू नका. पहिल्या आठवड्यात शर्ट मावशींनी घालायचा, फक्त शेवटच्या दोन गुंड्या काकांनी. मग सगळ्या गुंड्या, मग उजवी बाही, असं शेवटाकडून मागे या. आज काकांनी काय करायचं ते एका ओळीत लिहून पलंगाच्या उशाशी लावा, सकाळपाळी बदलली तरी निरोप चुकत नाही. अंघोळ आणि कपडे दोन्ही एकाच दिवशी स्वतः केले तर पेशंट इतका थकतो की दहाच्या फिजिओथेरपीत झोपतो. आधी फिजिओशी वेळा ठरवा.

घरची मापं पहिल्याच आठवड्यात मागवा, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी नको. १८ इंची सीटची व्हीलचेअर बाहेरून साधारण ६५ सेंमी रुंद असते, आणि जुन्या घरांत न्हाणीचं दार दोन फुटांचं, म्हणजे ६१ सेंमी असतं. म्हणजे शेवटची चार पावलं चालावीच लागणार, आणि मोरीचा उंबरठा ओलांडावा लागणार. नातेवाइकांकडून दार, उंबरठा, संडास आणि नळ यांचे फोटो घ्या, प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे. भारतीय संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची साधारण ४५ सेंमी उंचीची घ्यायला सांगा. केंद्रात भिंतीला दांडी आहे आणि घरी नसेल, तर शेवटच्या दोन आठवड्यांत केंद्रातही दांडीविना सराव करून घ्या. शनिवार-रविवार घरी पाठवताना सोबत एक कागद द्या: अंघोळ कुठे केली, बादली कुठे ठेवली, कोणी हात दिला आणि नेमका कुठल्या क्षणी. सोमवारी सव्वासहाला तोच कागद हातात घेऊन खोलीत जा.