अमेरिकेत जुनी इमारत वाचवायची तर आधी नगरपालिका गाठावी

अमेरिकेतील आपल्या गावात एखादी जुनी इमारत पाडली जाणार असल्याची कुणकुण लागली, की बहुतेक लोक तिची नोंद ‘नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस’ या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत करून घेण्याच्या मागे लागतात. ही धडपड वाया जात नाही, पण तिच्यावर विसंबूनही राहू नये. 1966 च्या राष्ट्रीय वारसा जतन कायद्याने सुरू झालेल्या या यादीत नाव आले, तरी खासगी मालक स्वतःच्या पैशाने ती इमारत पाडणार असेल, तर केवळ त्या नोंदीमुळे त्याचे हात बांधले जात नाहीत. त्याच कायद्यातील कलम 106 केंद्राचा पैसा, परवाना किंवा सहभाग असलेल्या कामांनाच लागू पडते, आणि तिथेही संबंधित खात्याने परिणामांचा विचार करावा एवढेच ते सांगते. पाडकाम खरोखर अडवता येते ते बहुधा स्थानिक नियमांच्या जोरावर. चार्ल्स्टन शहराने असे नियम 1931 मध्येच केले होते. पुढे ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये न्यूयॉर्क शहराचा वारसा जतनाचा कायदा ग्राह्य धरला.

म्हणून आपल्या पालिकेचे नियम आहेत का, आणि असल्यास पालिकेच्या वारसा आयोगाला पाडकामाची परवानगी नाकारता येते, काही महिने थांबवता येते की नुसता सल्लाच देता येतो, हे मूळ मजकुरातून वाचून घ्यावे. तोंडी माहितीवर भरवसा ठेवू नये.

नियम पक्के असतील, तर पालिकेला ‘सर्टिफाइड लोकल गव्हर्नमेंट’चा, म्हणजे जतनाच्या कामासाठी प्रमाणित पालिकेचा, दर्जा मिळवण्याचा आग्रह धरावा. 1980 च्या दुरुस्तीने आलेल्या या योजनेत पालिकेकडे जतनाचे नियम, जाणकारांचा आयोग, जुन्या वास्तूंचे सर्वेक्षण आणि लोकसहभागाची सोय असावी लागते. मान्यता राज्याचे जतन कार्यालय आणि नॅशनल पार्क सर्व्हिस हे केंद्राचे खाते मिळून देतात. राज्याला हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन फंड या केंद्राच्या जतन निधीतून मिळणाऱ्या वार्षिक रकमेपैकी किमान 10 टक्के वाटा अशाच पालिकांना द्यावा लागतो. हा पैसा मुख्यतः सर्वेक्षण, नोंदणीचे प्रस्ताव, मार्गदर्शिका आणि प्रशिक्षण यांवर खर्च होतो, त्यामुळे गळके छप्पर त्यातून दुरुस्त होईल अशी आशा न धरलेली बरी. अर्ज लिहिताना काम नेमके मांडावे: ‘वारशाबद्दल जागृती’ असे मोघम लिहिण्यापेक्षा कोणत्या रस्त्यांवरील किती इमारतींची नोंद होणार, हे सांगणारा अर्ज सरस ठरतो.

दुरुस्तीसाठी खासगी मालकाला करसवलतीचा मार्ग आहे. ऐतिहासिक म्हणून प्रमाणित झालेल्या आणि उत्पन्न देणाऱ्या इमारतीच्या पात्र खर्चावर 20 टक्के संघीय सवलत मिळते. 2017 च्या बदलानंतर ती पाच वर्षांत विभागून घ्यावी लागते. मालक स्वतः राहत असलेल्या घराला ती लागू नाही, तसेच दुरुस्तीचा खर्च किमान मर्यादेपेक्षा अधिक असावा लागतो. या सवलतीच्या अर्जाच्या तीन भागांपैकी दुसऱ्यात नियोजित कामाचे वर्णन असते, आणि घोटाळा नेमका इथेच होतो: मंजुरीआधी जुन्या खिडक्या काढून टाकल्या आणि ते काम निकषांत बसले नाही, तर सगळी सवलत हातची जाऊ शकते. त्यामुळे काढण्याआधीच्या प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत आणि कंत्राटदाराला मंजुरीची प्रत हाती येईपर्यंत थांबवावे.