जिउ-जित्सू शिकताय? आधी टॅप करायला शिका, आणि या चुका टाळा

जिउ-जित्सू म्हणजे जमिनीवर, पकडी लावून लढायचा खेळ. नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी मी टॅपच करून घेतो. टॅप म्हणजे ‘हरलो, सोड’ अशी खूण. समोरच्याच्या अंगावर दोन-तीनदा ठळक थापटायचं. हात अडकले असतील तर पाय मॅटवर आपटायचा, तेही जमत नसेल तर तोंडानं ‘टॅप’ म्हणायचं. सगळे माना डोलावतात. आणि पहिल्याच रोलिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, कुणीतरी आर्मबारमध्ये (कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीत) अडकून, दात-ओठ खात, लालबुंद होऊन पडलेलं असतं.

आमच्याकडे एक मुलगा यायचा. नव्वदेक किलोचा, बेंच प्रेसचा आकडा न विचारता सांगणारा. आमच्या एका ब्लू बेल्ट (नवख्यांच्या व्हाइटच्या पुढचा पट्टा) मुलीनं त्याला साइड कंट्रोलमधून, म्हणजे छातीवर आडवं दाबून धरून, किमुरा ही खांद्याची पकड लावली. मनगट धरलं, कोपर काटकोनात वळवलं, हात पाठीकडे नेला आणि खांदा जिथून पुढे वळत नाही तिथे ती थांबली. त्याला टॅप करायला वेळ मिळावा म्हणून थांबली. याला वाटलं, दमली बिचारी. सगळा जोर लावून यानं उलट्या बाजूला अंग फिरवलं. तिनं पकड तसूभरही वाढवली नव्हती; खांदा यानंच स्वतःचा पिळून घेतला. ‘कट्’ असा आवाज झाला आणि शेजारच्या जोड्या थांबल्या. पुढचे कित्येक महिने त्याची फिजिओथेरपी चालली. इकडे ती पोर बरेच दिवस कुणालाच पकड लावायला धजत नव्हती, त्याचा हिशोब कोण करणार?

अशा वेळी कुणीतरी यूट्यूब पाहून आलेला हेलिओ ग्रेसीचा, म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवणाऱ्यांपैकी एकाचा, दाखला देतो. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानी जुदोपटू मासाहिको किमुरानं त्याला याच पकडीत धरलं होतं. हेलिओनं टॅप केला नाही, शेवटी त्याच्या कोपऱ्यातून हार मानल्याचा टॉवेल पडला, आणि पकडीला किमुराचं नाव लागलं. असेल. ती हजारो लोकांसमोरची लढत होती. तुम्ही मंगळवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर आला आहात आणि बुधवारी तुम्हाला दुचाकी चालवायची आहे.

दुखायला लागल्यावर टॅप करू, हा हिशोबही सगळीकडे चालत नाही. आर्मबार निदान आधी दुखतो. हील हुकमध्ये, म्हणजे टाच धरून पाय पिळायच्या पकडीत, फारसं दुखायच्या आतच गुडघ्यातलं लिगामेंट जाऊ शकतं. म्हणून आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय जिउ-जित्सू संघटनेच्या स्पर्धांत गी, म्हणजे जाड सुती गणवेश, घालून तो कुणालाच लावता येत नाही. नो-गीमध्ये (गी न घालता) मोठ्यांना, तोही ब्राउन आणि ब्लॅक बेल्टलाच. आणि आमचा तिसऱ्या आठवड्यातला पठ्ठ्या रीलमध्ये पाहून तो शेजाऱ्यावर करून बघतो. अशाला मी त्या दिवसापुरतं मॅटबाहेर बसवतो. चर्चा नाही.

तालमीतून आलेल्या मुलांची चूक वेगळी, आणि तिचा मला राग येत नाही. कुस्तीत पाठ टेकली की संपलं, त्यामुळे खाली गेला की गडी झटकन पालथा होतो. इथे तेच महागात पडतं. समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही पाय आत अडकवतो, चार गुण घेतो आणि गळा धरतो. पाठीवर पडून, दोन्ही पाय मध्ये घालून लढणं म्हणजे गार्ड, ते इथलं घरच आहे. अशा मुलांना मी सुरुवातीला मुद्दाम खालूनच खेळवतो. चिडतात, पण एकदा समजलं की भल्याभल्यांना भारी पडतात.

आता गजकर्ण. पावसाळ्यात दर वर्षी तोच तमाशा. गी नीट वाळत नाही, म्हणून पठ्ठे तोच ओलसर गी बॅगेत कोंबून पुन्हा आणतात. मग मांडीवर, मानेवर गोल चट्टे उठतात, आणि साहेब डॉक्टरकडे न जाता मेडिकलमधून ट्यूब आणतात. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते, आणि सोबत अर्धी बॅच खाजवायला लागते. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि ते सांगतील तोवर मॅटवर पाय ठेवू नका. गी दर क्लासनंतर धुवायचाच; परवडत असेल तर दोन घ्या, नाहीतर एकाआड एक दिवस या. पट्टाही धुवा. धुतल्यानं विद्या वाहून जाते म्हणणारे महाभाग आहेत. जी दोन धुण्यांत जाते ती विद्या नव्हतीच.

बाकीचं थोडक्यात. नखं कापून या. टॉयलेटला अनवाणी जाऊन तेच पाय मॅटवर आणू नका. रोलिंग करताना श्वास रोखू नका, दोन मिनिटांत हवा जाते. स्वतः व्हाइट बेल्ट असताना शेजारच्या व्हाइट बेल्टला शिकवू नका. पहिल्याच दिवशी महागडा गी घेऊ नका, महिनाभर जुना गी कुणीही देतं.

‘ब्लू बेल्ट किती महिन्यांत?’ असं पहिल्या आठवड्यात विचारू नका. ब्लॅक बेल्टला साधारण दहा वर्षं लागतात, एवढंच मी सांगतो. विचारणाऱ्यांपैकी बरेचजण पुढच्या महिन्यात दिसत नाहीत. जे दिसतात, त्यांना मी पुन्हा टॅप करायला लावतो.