पेटी अन् ठेका कळतो ना, मग बीथोव्हेन असा ऐका

लातूर, परभणी, नांदेडकडं गावोगाव भजनी मंडळं आहेत, पेटी वाजवणारे अन् पखवाज समजणारे लोक गल्लीगल्लीत सापडतात, पण सिम्फनी, म्हणजे पाश्चात्य ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, म्हटलं की हीच मंडळी म्हणतात आपल्याला त्यातलं काय कळायलंय. कळतंय हो, नक्की कळतंय. फक्त महान रचनांची लांबलचक प्लेलिस्ट लावून कामं करत ऐकू नका. एक रचना घ्या अन् तिनं जुनी रीत नेमकी कुठं मोडली ती जागा कानानं पकडा.

आधी कूलर बंद करा. या संगीतात आवाज एकदम बारीक होतो अन् एकदम चढतो, त्या घरघरीत निम्मं जातंय. हेडफोन पाहिजेच, मोबाईलच्या स्पीकरवर चेलो अन् डबल बास ही खर्जातली तारवाद्यं नीट ऐकूच येत नाहीत.

सुरुवात बीथोव्हेनच्या तिसऱ्या सिम्फनीनं करा, एरोइका. त्याआधी हायडनची १०४ नंबरची सिम्फनी ऐका, १७९५ ची, अर्ध्या तासाच्या आत संपते, म्हणजे तेव्हाची रीत काय होती ते कानात बसेल. मग एरोइका, १८०५ ला व्हिएन्नात पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाजली, जवळपास ५० मिनिटं. पेटी जवळ घ्या, काळी दोनचा सा धरा. सगळा ऑर्केस्ट्रा दोनदा दणका देतो अन् चेलो सुरू होतात: सा ग सा, खालचा प, सा ग प, परत सा. इतकं साधं की पहिल्या वर्षाचं पोरगं वाजवेल. पण पुढं सा वरून नी अन् तिथून कोमल नी, म्हणजे काळी एक, अन् तिथं पायाखालची जमीन सरकते. हीच ती जागा. ती पाचसहादा ऐका, घाई करू नका, पुढची पंधरा मिनिटं त्या एका सुरातून काय काय निघतंय ते बघा. मूळ चाल परत यायच्या जरा आधी हॉर्न, हे पितळी फुंकवाद्य, घाईनं घुसल्यासारखा वाटतो, रिहर्सलला बीथोव्हेनचा शिष्य रीस यालासुद्धा वाटलं वाजवणारा चुकला, पण ते मुद्दाम लिहिलेलं आहे. हे सगळं आधी नेपोलियन बोनापार्टच्या नावानं होतं, तो सम्राट झाला तसं बीथोव्हेननं नाव खरडून टाकलं, त्या प्रतीच्या कागदाला भोक पडलंय.

मग बाख. वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर, पहिला भाग १७२२ चा. गायक बदलला की आपण काळी एकवरून पांढरी चारवर सहज सरकतो ना, तेव्हा बऱ्याच कीबोर्डवर ते जमत नव्हतं, काही पट्ट्या गोड तर काहींत कान किटायचे. बाखनं २४ पट्ट्यांत प्रत्येकी एक प्रिल्यूड (सुरुवातीची छोटी रचना) अन् एक फ्यूग (एकच चाल वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक गुंफलेली) लिहून दाखवला. पहिलाच प्रिल्यूड ऐका, पांढरी एकचा, पुरेसा आहे.

ठेकेवाल्यांसाठी खरी मेजवानी स्ट्राविन्स्कीची राइट ऑफ स्प्रिंग, नाचासाठी लिहिलेली रचना म्हणजे बॅले, पहिला प्रयोग पॅरिस, २९ मे १९१३, थिएटरात एवढा गोंधळ झाला की नाचणाऱ्यांना ऑर्केस्ट्रा ऐकू येईना. सुरुवातीला बसून नावाचं खर्जातलं फुंकवाद्य इतक्या वरच्या सुरात वाजतं की ओळखू येत नाही. साधारण तीन-साडेतीन मिनिटांनी तारवाद्यं एकच कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) ठोकायला लागतात, तिथं टाळी धरा. पहिल्या ३२ मात्रा म्हणजे भजनी ठेक्याची बरोबर ४ आवर्तनं, पण जोर पडतो तो ९, २, ६, ३, ४, ५, ३ अशा अंतरानं. समेवर जोर येईल येईल म्हणून तुमचा हात वाट बघतो अन् तो बहुतेक वेळा येतच नाही. पखवाजवाल्या मित्राला सोबत बसवा, तो उठणार नाही.

डेबुसीचं प्रिल्यूड टू द आफ्टरनून ऑफ अ फॉन (१८९४) दहा मिनिटांचं आहे, एकट्या बासरीनं उघडतं, रात्री ऐका.

वाग्नरचं ट्रिस्टन हे गाण्यातलं नाटक, म्हणजे ऑपेरा (१८६५), मात्र शेवटी ठेवा. सुरुवातीचा कॉर्ड अधांतरी सोडून दिलाय अन् त्याला ठाव मिळतो थेट ऑपेराच्या शेवटी, म्हणजे जवळपास चार तासांनी. तेवढा वेळ नसेल तर सुरुवातीचा प्रिल्यूड अन् लीबेस्टोड नावाचा शेवटचा भाग एवढंच जोडून ऐका, मैफलीत असंच वाजवतात, वीसेक मिनिटांत होतं.