कॅनडाचं राजकारण दिल्लीच्या चष्म्यातून बघताय? या चुका टाळा

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. नुकतंच नागरिकत्व मिळालेले आमच्या शेजारचे काका पहिलं मत देऊन आले, ते तणतणतच. "अहो, कागदावर कार्नींचं नावच नाही! आणि चिन्ह तर कुणालाच नाही." मतपत्रिकेत काही चूक नव्हती. पंतप्रधान मार्क कार्नी ओटावातल्या नेपियनमधून उभे होते आणि काकांचं मत टोरोंटोजवळच्या मिसिसागात. इथे कागदावर उमेदवाराचं नाव, त्याच्या पक्षाचं नाव आणि शेजारी रिकामा गोल, एवढंच असतं. केंद्रावर ठेवलेल्या पेन्सिलीने त्यात खूण करायची. कमळ-पंजा शोधायची सवय असलेला माणूस गांगरतोच. म्हणून घरून निघण्याआधी निवडणूक यंत्रणेच्या साइटवर पोस्टल कोड टाकून आपल्या भागात कोण उभं आहे ते बघून जा.

घोटाळा होतो तो भारताची आणि कॅनडाची व्यवस्था सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात म्हणून. दोन्ही ब्रिटिशांकडूनच आलेल्या, पण बारकावे वेगळे.

पंतप्रधान आधी खासदार असलाच पाहिजे, हा असाच एक समज. आधीचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी जानेवारी २०२५ मध्ये पायउतार होत असल्याचं जाहीर केलं, लिबरल पक्षाच्या सुमारे दीड लाख सदस्यांनी मत दिलं, कार्नींना ८५.९ टक्के मतं मिळाली आणि १४ मार्चला त्यांचा शपथविधी झाला. तेव्हा ते कुठल्याच सभागृहात नव्हते. आपल्याकडे सहा महिन्यांत निवडून यावं लागतं, तसं घटनेतच लिहून ठेवलंय. इथे तशी लेखी मुदत नाही, पण लवकर निवडून यायचा संकेत मात्र पाळला जातो.

याची दुसरी बाजू आणखी मजेशीर. विरोधी कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पिएर पॉलिएव्ह एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत स्वतःच्या कार्लटन मतदारसंघात पडले. (तिथे ९१ उमेदवार होते, मतपत्रिका जवळजवळ मीटरभर लांब!) पक्षाचे नेते ते राहिलेच, पण सभागृहात विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीवर अँड्र्यू शियर बसले. ऑगस्टमध्ये अल्बर्टातल्या एका पोटनिवडणुकीतून पॉलिएव्ह परत आले. तेव्हा बातमी वाचताना 'पक्षाचा नेता' आणि 'विरोधी पक्षनेता' एकच धरू नका.

"जास्त मतं मिळाली, मग सरकार का नाही?" हा वादही व्हॉट्सअ‍ॅपवर रंगतो. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा देशभरात कन्झर्व्हेटिव्हांची मतं जास्त होती, जागा लिबरलांच्या. जागाच मोजल्या जातात, हे तरी आपल्याला नवं नाही.

अल्पमतातलं सरकार दिसलं की आपण लगेच आघाडी आणि खातेवाटपाच्या गप्पा सुरू करतो. एप्रिल २०२५ च्या निकालात ३४३ पैकी लिबरलांना १६९ जागा मिळाल्या, बहुमताला तीन कमी. तरी एकही खातं दुसऱ्या पक्षाला गेलं नाही. त्याआधी २०२२ ते २०२४ एनडीपी या डाव्या पक्षाने करार करून बाहेरून पाठिंबा दिला होता, तोही एकाही मंत्रिपदाशिवाय. मात्र अर्थसंकल्पासारख्या मतदानात हरलं तर सरकार जातं. १९७९ मध्ये पंतप्रधान जो क्लार्क यांचं असंच गेलं. आणि पक्षांतरबंदीचा कायदा इथे नाहीच. नोव्हेंबर २०२५ मध्ये नोव्हा स्कॉशियाचे ख्रिस डॅन्ट्रेमॉन्ट कन्झर्व्हेटिव्ह बाकावरून उठून लिबरलांकडे गेले आणि त्यांची खासदारकी शाबूत राहिली. एक तृतीयांश-दोन तृतीयांशांची आकडेमोड इथे करत बसू नका.

सिनेट म्हणजे राज्यसभा नव्हे. पंतप्रधानांच्या शिफारशीवरून गव्हर्नर जनरल (राजाचे इथले प्रतिनिधी) नेमणूक करतात आणि सदस्य वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत बसतात.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो मात्र चुकीच्या दारात. हेल्थ कार्ड अडलं म्हणून लोक खासदाराकडे जातात. ते प्रांताचं काम. त्यासाठी प्रांताचा आमदार: ऑन्टारियोत त्याला एमपीपी म्हणतात, ब्रिटिश कोलंबिया-अल्बर्टात एमएलए. दारापुढच्या रस्त्यावरचा बर्फ उचलला नाही, तर नगरसेवकाला फोन. पासपोर्ट, पीआर (कायमचा रहिवास), आईवडिलांना लांब मुक्कामाला बोलवायचा सुपर व्हिसा ही केंद्राची कामं, तिथे मात्र खासदाराचं स्थानिक ऑफिस खरंच कामाला येतं. त्यासाठी तुम्ही त्याला मत दिलेलं असायला हवं असं नाही. मतदानाचा हक्क नसलेल्या पीआरवाल्यांचंही काम ते बघतात. चिठ्ठी, ओळख, मधला माणूस, काही लागत नाही. ते फाइल पुढे सरकवू शकत नाहीत, फक्त ती कुठे अडलीय ते विचारू शकतात. त्यासाठी संमतीपत्र लागतं आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते: सही इथल्या मुलाची चालत नाही, अर्जदाराची लागते, म्हणजे पुण्यात बसलेल्या आईची. ती आधीच मागवून ठेवा आणि मगच अपॉइंटमेंट घ्या.